शेजारच्या लिपीतली वृत्तपत्रे

वसईच्या खाडीकाठच्या टेकडीवर घोडबंदरचा किल्ला उभा आहे. पोर्तुगीजांच्या काळात या बंदरात अरब व्यापाऱ्यांचे घोडे उतरत, असे सांगितले जाते. १७३७ मध्ये किल्ला मराठ्यांनी घेतला, १८१८ मध्ये इंग्रजांनी. आता खाली फाउंटन हॉटेलच्या नाक्यावर ठाण्याकडून येणारा घोडबंदर रोड अहमदाबाद महामार्गाला मिळतो आणि तिथून काशीमिरामार्गे मीरा रोड स्टेशन गाठता येते. स्टेशनच्या पूर्वेला नया नगर आहे. मुंबईतली जागेची टंचाई आणि १९९२-९३ च्या दंगलीनंतरची असुरक्षितता यांमुळे अनेक मुस्लिम कुटुंबांनी मुंब्रा आणि मीरा रोडची वाट धरली. त्यातली कितीतरी इथे स्थिरावली. त्यांच्यासोबत त्यांचा पेपरही आला. ‘लोकसत्ता’, ‘सामना’ आणि गुजराती ‘मुंबई समाचार’ ज्या गावात विकले जातात, त्याच गावात ‘इन्कलाब’ आणि ‘उर्दू टाइम्स’ही रोज उलगडले जातात.

मराठी वाचकाला या पेपरांची लिपी लागत नाही, त्यामुळे त्यांच्याविषयी दोन समज सहज पसरतात. एक, हे पेपर लोकांना भडकवतात. दुसरा, यांच्या एका मथळ्यावर मुसलमानांची मते इकडून तिकडे जातात. दोन्ही समज पडताळण्यासाठी या दैनिकांचा इतिहास, त्यांची भूमिका आणि त्यांनी ओढवून घेतलेले वाद एकत्र पाहावे लागतात. आणि तसे पाहताना मोजमाप तेच हवे, जे आपण ‘केसरी’पासून ‘सामना’पर्यंतच्या मराठी पत्रांना लावतो.

उर्दू पत्रकारिता वयाने मराठीपेक्षा थोडी मोठी आहे. ‘जाम-ए-जहाँनुमा’ हे पहिले उर्दू वृत्तपत्र २७ मार्च १८२२ रोजी कलकत्त्यात निघाले. ते काढणारे हरिहर दत्त आणि त्याचे संपादक सदासुखलाल. त्याच वर्षी मुंबईत फर्दुनजी मर्झबान यांनी ‘मुंबई समाचार’ सुरू केला. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ त्यानंतर दहा वर्षांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी आले. उर्दू पत्र म्हणजे मुसलमानांचे पत्र, हे समीकरण पुढे बराच काळ लागू नव्हते. लाहोरचे ‘प्रताप’ आणि ‘मिलाप’ आर्यसमाजी घराण्यांनी चालवले आणि फाळणीनंतर ते दिल्लीला आणले. जालंधरच्या ‘हिंद समाचार’चे लाला जगत नारायण यांची १९८१ मध्ये दहशतवाद्यांनी हत्या केली. तेही उर्दू दैनिकाचे मालक-संपादक होते.

सत्तेशी झगडण्याची परंपराही जुनी आहे. ‘दिल्ली उर्दू अखबार’चे मौलवी मुहम्मद बाकर यांना १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी ठार केले. मौलाना अबुल कलाम आझाद यांनी १९१२ मध्ये कलकत्त्यात ‘अल-हिलाल’ काढले, तेव्हा सरकारने आधी त्यांची दोन हजारांची अनामत जप्त केली आणि मग दहा हजारांची नवी मागितली. पत्र बंद पडले. टिळकांना १८९७ आणि १९०८ मध्ये ‘केसरी’तल्या लेखनापायी तुरुंग भोगावा लागला, त्याच दडपशाहीचा हा पुढचा अध्याय आहे.

अरबी पत्रकारितेशी असलेला धागाही आझादांपाशीच सापडतो. त्यांचा जन्म मक्केचा, अरबी त्यांना घरची. कैरोत जुर्जी झैदान यांचे ‘अल-हिलाल’ १८९२ पासून निघत होते आणि रशीद रिदा यांचे ‘अल-मनार’ १८९८ पासून. आझादांनी आपल्या पत्रासाठी नावही कैरोच्या नियतकालिकाचेच निवडले. स्वातंत्र्यानंतर त्यांच्या पुढाकाराने ‘सकाफत-उल-हिंद’ हे अरबी त्रैमासिक सुरू झाले आणि लखनौच्या नदवा या शिक्षणसंस्थेतूनही अरबी नियतकालिके निघाली. ही सारी अभ्यासकांची आणि मदरशांची पत्रे. महाराष्ट्रात रोजच्या बातम्या अरबीतून वाचणारा वर्ग मात्र तयार झाला नाही. नया नगरातले मूल कुराण अरबीत शिकते, शाळेत मराठी आणि इंग्रजी शिकते, घरातले कुणी आखातात नोकरीला असते. पण घरी येणारा पेपर उर्दू असतो. पॅलेस्टाइन, इराक, सीरिया यांच्या बातम्या त्या घरात पोहोचतात त्या बहुधा उर्दूमधूनच.

मुंबईच्या उर्दू पत्रकारितेला खिलाफत चळवळीने उभारी दिली. १९१९ मध्ये खिलाफत कमिटी मुंबईत स्थापन झाली. भायखळ्याचे खिलाफत हाउस तिचे केंद्र बनले आणि ‘खिलाफत’ हे उर्दू दैनिकही निघाले. अब्दुल हमीद अन्सारी या स्वातंत्र्यसैनिकाने १९३८ मध्ये ‘इन्कलाब’ सुरू केले. चाळीसच्या दशकात कम्युनिस्ट पक्षाचे ‘कौमी जंग’ मुंबईतून निघू लागले आणि सज्जाद जहीर, अली सरदार जाफरी, कैफी आझमी हे लेखक त्यात राबले. पुढे रुसी करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ची उर्दू आवृत्ती निघाली. तिच्यातले कैफींचे उपरोधिक सदर ‘नई गुलिस्ताँ’ नंतर पुस्तकरूपानेही आले. एकाच भाषेत खिलाफतवादी, काँग्रेसी, साम्यवादी आणि पुरोगामी आवाज असे एकमेकांशी वाद घालत होते. त्या काळातल्या या वैविध्याची आठवण ठेवूनच आजच्या उर्दू दैनिकांकडे पाहायला हवे, कारण मधल्या काळात गमावले गेले ते हेच.

ते गमावण्याची कारणे उघड आहेत. फाळणीने लेखक आणि वाचक दोन्ही तोडले. उत्तरेत शाळांमधून उर्दू मागे पडली. २००१ च्या जनगणनेत उर्दू मातृभाषा सांगणारे सुमारे ५ कोटी १५ लाख होते, ते २०११ मध्ये ५ कोटी ८ लाखांवर आले. महाराष्ट्राचे चित्र मात्र वेगळे आहे. २०११ मध्ये राज्यात सुमारे ७५ लाख लोकांनी उर्दू मातृभाषा नोंदवली. मुंबई, भिवंडी, मालेगाव, औरंगाबाद, अकोला, नांदेड इथे उर्दू माध्यमाच्या पालिका आणि अनुदानित शाळा टिकल्या, म्हणून वाचकही टिकला. कोकणी मुसलमान घरात कोकणी-मराठी बोलतात, तरी त्यांच्यातही उर्दू पेपर वाचला जातो. मुंबईची उर्दू दैनिके उत्तरेतल्यांपेक्षा अधिक तग धरून राहिली, त्यामागे या शाळांचा वाटा फार मोठा आहे.

या पेपरांचा खरा प्रभाव कुठे आहे? पहिल्या पानापेक्षा आतल्या पानांवर अधिक आहे. दहावी-बारावीचे मार्गदर्शन, शिष्यवृत्तीच्या तारखा, हजचे अर्ज, रमजानमधल्या सहरी-इफ्तारच्या वेळा, चंद्रदर्शनाची घोषणा, मुशायरे, निधनवार्ता, वस्तीतल्या गटाराची तक्रार. मोठ्या मराठी-इंग्रजी दैनिकांत नया नगर किंवा मुंबईतला मदनपुरा येतो तो दंगल, धाड किंवा निवडणूक असेल तेव्हा. उर्दू पेपरात तो रोज येतो. मुलींच्या शिक्षणाचा पाठपुरावा, स्पर्धा परीक्षांचा आग्रह, तालुक्याच्या शाळेतल्या गुणवंत विद्यार्थ्यांचे फोटो यांनी गेल्या काही दशकांत घराघरांतले निर्णय बदलले आहेत. हा प्रभाव शांतपणे काम करतो, म्हणून बाहेरच्यांना तो दिसत नाही.

संपादकीय भूमिकेच्या बाबतीत मुंबईची उर्दू दैनिके काही प्रश्नांवर जवळपास एकमुखाने बोलतात. मुसलमानांच्या स्थितीविषयीचा सच्चर समितीचा २००६ चा अहवाल अमलात यावा, १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या शिफारशींवर कारवाई व्हावी, २०१४ मध्ये मराठा आरक्षणासोबत जाहीर झालेल्या मुसलमानांच्या पाच टक्के आरक्षणाचे काय झाले ते सांगावे. या शेवटच्या प्रश्नात उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये शिक्षणातल्या आरक्षणाला अंतरिम परवानगी दिली होती. नंतर अध्यादेशाची मुदत संपली आणि पुढच्या सरकारने त्याचा कायदा केला नाही. मराठी पत्रांनी हा विषय सोडून दिला, उर्दू पत्रांनी नाही. पॅलेस्टाइनबाबतही त्यांची बाजू ठरलेली आहे आणि ऑक्टोबर २०२३ नंतर गाझा त्यांच्या पहिल्या पानावर सतत राहिला.

परदेशातल्या एका दैनिकाशी इथे तुलना करता येते. ‘अल-कुद्स अल-अरबी’ हे दैनिक १९८९ मध्ये लंडनमधून सुरू झाले. गाझातल्या निर्वासित छावणीत जन्मलेले अब्देल बारी अत्वान २०१३ पर्यंत त्याचे संपादक होते. अमेरिकेच्या इराकवरील आक्रमणाला आणि अरब राजवटींना या पत्राने कडवा विरोध केला. अत्वान यांनी १९९६ मध्ये अफगाणिस्तानात जाऊन ओसामा बिन लादेनची मुलाखत घेतली आणि १९९८ मधला त्याचा अमेरिकेविरुद्धचा जाहीरनामाही याच पत्रात छापून आला. समर्थकांना हे निर्भय पत्र वाटले, टीकाकारांना अतिरेक्यांचे व्यासपीठ. अरबी पत्रांना मुळात लंडन गाठावे लागले, याचे कारण अरब देशांतली सेन्सॉरशिप आणि हिंसा. ‘अल-हयात’चे संस्थापक कामिल मुरुव्वा १९६६ मध्ये आणि ‘अन-नहार’चे संपादक जिब्रान तुएनी २००५ मध्ये बैरुतमध्ये मारले गेले. मुंबईच्या उर्दू संपादकाला परदेश गाठावा लागला नाही. तो भारतीय संविधानाच्या छत्राखाली, आपल्याच शहरात सरकारवर टीका करतो. त्याची अडचण दुसऱ्या दिशेने येते, स्वतःच्या समाजातल्या धर्मसत्तेच्या दिशेने.

ही अडचण पहिल्यांदा ठळकपणे दिसली ती हमीद दलवाईंच्या वेळी. आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’त पत्रकारिता केलेल्या दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा विधिमंडळावर नेला आणि तोंडी तलाक रद्द करण्याची मागणी केली. १९७० मध्ये त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. उर्दू पत्रांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. डिसेंबर १९७२ मध्ये मुंबईत झालेल्या अधिवेशनातूनच मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाची वाट मोकळी झाली आणि उर्दू पत्रे प्रामुख्याने त्या बाजूला उभी राहिली. घटस्फोटितेच्या पोटगीविषयीच्या १९८५ च्या शाहबानो निकालाच्या वेळी तीच फळी पुन्हा दिसली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द केला, तेव्हा न्यायालयात गेलेल्या बायका मुसलमानच होत्या आणि त्यांच्या लढ्याला मुंबईत भारतीय मुस्लिम महिला आंदोलनासारख्या संघटनेचा आधार होता. या बायकांना त्यांच्याच भाषेतल्या अग्रलेखांत न्याय्य जागा मिळायला हवी होती. ती त्यांना फार कमी मिळाली, हा उर्दू पत्रकारितेवरचा सर्वात गंभीर आक्षेप आहे.

भडकवण्याच्या आरोपाचे काय? इथे मुंबईपुरता तरी एक अधिकृत दस्तऐवज उपलब्ध आहे. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये सादर केलेल्या अहवालात डिसेंबर १९९२ मधल्या पहिल्या टप्प्यात संतप्त मुस्लिम जमावांनी केलेल्या हिंसेची नोंद आहे. जानेवारी १९९३ मधली भावना पेटवण्यासाठी मात्र आयोगाने ‘सामना’ आणि ‘नवाकाळ’ या मराठी दैनिकांतल्या लेखनावर बोट ठेवले. माथाडी कामगारांच्या हत्या आणि जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीतली जळिताची घटना यांची अतिरंजित वर्णने त्यात होती, असे आयोगाने म्हटले. ‘सामना’तील अग्रलेखांवर खटला भरावा म्हणून जे. बी. डिसूझा आदींनी केलेली याचिका उच्च न्यायालयाने १९९४ मध्ये फेटाळली. २००० मध्ये बाळासाहेब ठाकरे यांना याच लेखनावरून अटक झाली, तेव्हा मुदत उलटल्याच्या कारणावरून न्यायदंडाधिकाऱ्यांनी प्रकरण निकाली काढले. पेपर भडकवतात का, हा प्रश्न रास्त आहे. तो विचारताना लिपी पाहून सुरुवात केली तर उत्तर चुकते.

मीरा-भाईंदरशी थेट जोडलेला प्रसंग ११ जुलै २००६ चा. त्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यातला एक स्फोट मीरा रोड आणि भाईंदरच्या दरम्यान झाला. त्यानंतरच्या काळात मराठी आणि इंग्रजी दैनिकांत तपास यंत्रणांनी सांगितलेले बहुतांशी तसेच छापले गेले. उर्दू दैनिकांत आरोपींच्या घरच्यांचे म्हणणे, वकिलांचे मुद्दे आणि जमियत उलेमाच्या कायदेविषयक कक्षाचे गुलजार आझमी यांची निवेदने वर्षानुवर्षे येत राहिली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, त्यातल्या पाच जणांना फाशी सुनावली. एकटे वाहिद शेख निर्दोष सुटले आणि त्यांनी ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक लिहिले. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडले. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देता येणार नाही, असा आदेश दिला. सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही.

निकालानंतरही स्फोटात माणसे गमावलेल्या कुटुंबांचा प्रश्न तसाच राहिला, आणि तो फार मोठा आहे. परंतु पत्रकारितेच्या अंगाने पाहिले तर १९ वर्षे एका भाषेतल्या वाचकाला खटल्याची एक बाजू मिळत होती आणि दुसऱ्या भाषेतल्या वाचकाला दुसरी. लोकलच्या एकाच डब्यातून रोज प्रवास करणाऱ्या दोन माणसांकडे एकाच घटनेची दोन वेगळी सत्ये होती. उर्दू दैनिकांवरही इथे टीका करता येते. संघटनांची पत्रके जशीच्या तशी छापायची आणि स्वतः वार्ताहर पाठवून तपास करायचा नाही, ही त्यांची जुनी सवय आहे. तरीही जी बाजू दुसरीकडे छापली जात नव्हती ती त्यांनी छापली, ही नोंद करायलाच हवी.

उर्दू पत्रकारितेवर सर्वात मोठा घाव ठाणे जिल्ह्यातच बसला. लखनौच्या ‘अवधनामा’च्या मुंबई आवृत्तीच्या संपादक होत्या शिरीन दळवी. १७ जानेवारी २०१५ च्या अंकात एका मजकुरासोबत ‘शार्ली एब्दो’चे मुखपृष्ठ छापले गेले. पॅरिसमधल्या त्या साप्ताहिकाच्या कार्यालयावरचा हल्ला दहाच दिवसांपूर्वीचा. दळवी यांनी लगेच चूक झाल्याचे सांगून माफी मागितली. तरी ठिकठिकाणी गुन्हे नोंदवले गेले, धमक्या आल्या, त्यांना घर सोडून लपावे लागले. २८ जानेवारीला मुंब्रा पोलिसांनी त्यांना भारतीय दंड विधानाच्या कलम २९५-अ खाली अटक केली आणि त्याच दिवशी जामीन मिळाला. आवृत्ती बंद पडली, सहकाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. उर्दू दैनिकाचे संपादकपद मिळवलेल्या मोजक्या स्त्रियांपैकी त्या एक होत्या. माफी मागितलेल्या संपादकाच्या पाठीशी तिच्या व्यवसायाने एकजुटीने उभे राहणे ही किमान अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही. पुढे २०१९ मध्ये नागरिकत्व सुधारणा कायद्याच्या निषेधार्थ याच शिरीन दळवींनी आपला राज्य पुरस्कार परत केला. ज्यांनी त्यांना समाजद्रोही ठरवले होते, त्यांनी हे उत्तर नीट वाचायला हवे.

दुसरा समज, म्हणजे मथळ्यावर मते फिरण्याचा, तपासायला १२ जुलै २०१८ चा ‘इन्कलाब’ उपयोगी पडतो. राहुल गांधी मुस्लिम विचारवंतांना भेटले आणि काँग्रेस हा मुसलमानांचा पक्ष असल्याचे म्हणाले, अशा आशयाचा मथळा त्या दिवशी छापला गेला. काँग्रेसने इन्कार केला, पत्र आपल्या बातमीवर ठाम राहिले. दोन दिवसांत पंतप्रधानांनी आझमगडच्या सभेत हा विषय काढला. गंमत अशी की या मथळ्याचा राजकीय वापर उर्दू न वाचणाऱ्या मतदारांसमोर झाला. भाषांतर होऊन तो टीव्हीच्या पडद्यावर गेला, तेव्हा तो देशाचा मुद्दा बनला. उर्दू वाचकाने त्यावर मत बदलल्याचे कुठे दिसले नाही.

या वादांच्या मागे पैशाचे गणित असते. ‘इन्कलाब’ २०१० मध्ये ‘मिड-डे’ समूहासोबत जागरण प्रकाशनाकडे गेले. हिंदी ‘दैनिक जागरण’ची मालकी असलेल्या या कंपनीने त्याच्या उत्तर भारतातल्या आवृत्त्या काढल्या. भांडवल आले, रंगीत छपाई आली. मालकाची आणि वाचकाची राजकीय दिशा वेगळी असू शकते, हा ताणही आला. लहान दैनिकांची अवस्था बिकट आहे. खासगी जाहिरातदार उर्दू वाचकाला ग्राहक मानत नाही, म्हणून सरकारी जाहिरातींवर भिस्त राहते आणि जाहिरात देणाऱ्या सरकारला दुखावणे परवडत नाही. तंत्रज्ञानाने खर्च कमी केला, हे खरे. पूर्वी कातिब हाताने पाने लिहीत. मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालिक या अक्षरसंचाने १९८१ मध्ये लाहोरच्या ‘जंग’ला संगणकावर नेले आणि १९९४ मध्ये दिल्लीत तयार झालेल्या इनपेज या संगणक-प्रणालीने भारतीय उर्दू पत्रांचे काम सोपे केले. चेन्नईचे ‘मुसलमान’ मात्र १९२७ पासून हस्तलिखित दैनिक म्हणून ओळखले गेले.

जानेवारी २०२४ मध्ये नया नगरात तणाव उसळला, हाणामारी झाली, पाठोपाठ बांधकामांवर बुलडोझर चालला. त्या दिवसांत मीरा रोडचा मराठी वाचणारा रहिवासी आणि उर्दू वाचणारा रहिवासी, दोघेही मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींकडे पाहत होते. कुठली कधीची, कुणी कापलेली, हे कुणालाच कळत नव्हते. अशा वेळी नावनिशीवार बातमी देणाऱ्या, दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापावी लागणाऱ्या दैनिकाची किंमत कळते, मग ते कुठल्याही लिपीतले असो. वार्ताहर वस्तीत पाठवणारी संपादकीय खोली मोबाइलला पर्याय देऊ शकते. ती खोली दुबळी झाली की अफवेला मोकळे रान मिळते.

१५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीसोबत उर्दू असण्याला मान्यता दिली आणि उर्दू ही याच मातीतली भाषा असल्याचे स्पष्ट केले. या निकालानंतर करण्यासारखी कामे साधी आहेत. मराठी दैनिकांनी आठवड्यातून एकदा मुंबई, मालेगाव आणि औरंगाबादच्या उर्दू अग्रलेखांचा गोषवारा मराठीत छापावा, तसा उर्दू दैनिकांनी मराठी अग्रलेखांचा द्यावा. दोन्ही भाषा जाणणारे वार्ताहर दोन्हीकडे नेमावेत. कोकणी मुसलमान समाजात असे तरुण-तरुणी आहेत. उर्दू संपादकांनी पर्सनल लॉच्या प्रश्नावर आपल्याच समाजातल्या स्त्रियांना अग्रलेखाच्या पानावर नियमित सदर द्यावे. आणि मीरा-भाईंदरसारख्या महापालिकेने आपल्या वाचनालयांत मराठी पत्रांशेजारी उर्दू दैनिकेही ठेवावीत, जुने अंक जपावेत, म्हणजे पुढच्या एखाद्या खटल्याचा निकाल लागेल तेव्हा कुणी काय छापले होते ते पाहता येईल.